व्यायामानंच धडधड वाढते, मग करायचा कसा?

“ताई, मी २२ वर्षांची आहे, पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला. गेल्या सेमिस्टरपासून सबमिशन, व्हायवा, प्रेझेंटेशन यांतलं काहीही जवळ आलं की छातीत धडधडायला लागतं, हात गार पडतात, पोटात गोळा येतो. रात्री उशिरापर्यंत झोप लागत नाही. एकदा परीक्षेच्या हॉलमध्ये हे इतकं वाढलं की पेपर अर्धा सोडून बाहेर आले. डॉक्टरांनी ईसीजी, रक्त, थायरॉइड सगळं तपासलं. सगळं नॉर्मल. ‘टेन्शन आहे, व्यायाम करत जा,’ म्हणाले. माझी रूममेट रोज पळायला जाते, म्हणून तिच्याबरोबर गेले. पाच मिनिटांत तीच धडधड, तसाच श्वास अडकला, डोळ्यांपुढे अंधारी आली. हॉलमध्ये झालं होतं अगदी तसंच. मटकन खाली बसले आणि रडले. त्यानंतर गेलेच नाही. आता जिना चढायचीही भीती वाटते, एका मजल्यासाठी लिफ्टची वाट बघत थांबते. माझ्यासारख्यांना व्यायाम बाधतो का? परीक्षा दीड महिन्यावर आहे, वेळ कुठून आणू? आणि रूममेट म्हणते, नियमित पळालीस तर समुपदेशकाकडे जायची गरजच नाही. तिचं खरं आहे का? सगळ्यांना जमतं ते मला का जमत नाही?”
– धडधडीला घाबरलेली

प्रिय मुली,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं तू जरा निवांत वाचशील. व्यायाम तुला बाधत नाही. आणि पळताना जे झालं त्यात तुझा कमकुवतपणाही नाही. तुला एक गोष्ट फार अचूक जाणवली आहे, जी ‘व्यायाम करत जा’ एवढं सांगणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही: घाबरलेलं शरीर आणि पळणारं शरीर आतून जवळजवळ सारखंच वागतं.

दोन्ही वेळा अ‍ॅड्रिनलीन वाढतं. दोन्ही वेळा हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो, घाम येतो, तोंड कोरडं पडतं. पळताना पायांच्या स्नायूंना जास्त रक्त आणि जास्त ऑक्सिजन हवा असतो, म्हणून हे सगळं होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये पाय बाकाखाली स्वस्थ असतात, पण मेंदूला धोका दिसलेला असतो, म्हणून तो तीच यंत्रणा चालू करतो. कारण वेगळं असलं तरी छातीत जाणवतं ते सारखंच. आता ज्या मुलीच्या मनात ‘ही धडधड म्हणजे काहीतरी भयंकर होणार’ अशी गाठ बसली आहे, तिला पळायला नेलं तर तिचं मन कारण विचारायला थांबत नाही. धडधड दिसली की ते घाबरतं. घाबरलं की धडधड आणखी वाढते. पाच मिनिटांत तू जिथे पोचलीस तिथे या रस्त्यानं कुणीही पोचेल.

मानसशास्त्रात या स्वभावाला ‘चिंता-संवेदनशीलता’ म्हणतात. स्टीव्हन राइस आणि रिचर्ड मॅकनॅली यांनी १९८५च्या सुमारास ही कल्पना मांडली. साध्या भाषेत, ही भीतीच्या लक्षणांचीच भीती. काहींना धडधड होते आणि ते तिच्याकडे दुर्लक्ष करून कामाला लागतात. काहींना तेवढीच धडधड होते आणि मनात लगेच येतं, ‘हार्ट अटॅक तर नाही? सगळ्यांसमोर कोसळले तर? वेड लागलं तर?’ धडधड दोघांना सारखीच असते. तिचा अर्थ मात्र दोघं वेगवेगळा लावतात.

तुझ्यासारखीच शंका एके काळी डॉक्टरांनाही होती. १९६७ मध्ये पिट्स आणि मॅक्लुअर या दोघांनी चिंतेच्या रुग्णांना शिरेतून लॅक्टेट हे रसायन दिलं, आणि त्यांतल्या बहुतेकांना पॅनिक अटॅकसारखा, म्हणजे एकाएकी येणाऱ्या तीव्र भीतीचा झटका आला. जोराचा व्यायाम केला की रक्तात लॅक्टेट वाढतंच. मग निष्कर्ष सोपा वाटला: अशा माणसांनी व्यायामापासून लांब राहिलेलं बरं. पुढे बरीच वर्षं हा समज टिकला. पण सलाइनमधून लॅक्टेट टोचणं आणि स्वतःच्या पायांनी पळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००० साली ओकॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे असे झटके वारंवार येण्याचा विकार असलेल्या ४२० रुग्णांच्या व्यायामाच्या ४४४ नोंदी त्यात होत्या, आणि त्यांत प्रत्यक्ष पॅनिक अटॅक आले फक्त ५. हा आकडा तू लक्षात ठेवावास असं मला मनापासून वाटतं, कारण ही माणसं तुझ्याहून जास्त त्रासातली होती.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. व्यायामानं चिंता कमी होते तेव्हा त्याचं एक मोठं कारण हेच असतं की व्यायामात धडधड होते. तुला जी अडचण वाटते तेच औषध आहे, फक्त मात्रा चुकली होती.

२००४ मध्ये ब्रोमन-फुल्क्स आणि सहकाऱ्यांनी चिंता-संवेदनशीलता जास्त असलेल्या विद्यार्थ्यांना ट्रेडमिलवर आणलं. प्रत्येकी ६ सत्रं, एकेक सत्र २० मिनिटांचं. एका गटानं हळू चालायचं, दुसऱ्यानं चांगला दम लागेल इतका वेग ठेवायचा. भीतीच्या लक्षणांची भीती दोन्ही गटांत कमी झाली. पण जोरात व्यायाम करणाऱ्यांची लवकर कमी झाली, आणि शरीरातल्या संवेदनांची जी खास भीती असते, म्हणजे धडधडीची, धाप लागण्याची, ती फक्त त्यांचीच उतरली. हे विद्यार्थी कुणी खेळाडू नव्हते, आणि एवढ्या थोड्या सत्रांत कुणाची तब्येत बदलत नाही. बदललं ते मनातलं गणित. धडधड झाली, वाढली, काही वाईट घडलं नाही, उतरली. पुन्हा झाली, पुन्हा उतरली.

नव्या घरात पहिल्या रात्री प्रत्येक करकर ऐकून आपण दचकून जागे होतो. आठवड्याभरानं आवाज तेच असतात, पण झोप मोडत नाही. तुझ्या छातीतल्या आवाजाशी तुझी अशी ओळख व्हायला हवी, आणि ती टाळून होणार नाही. म्हणून तुझ्या पत्रातल्या पळण्याच्या प्रसंगापेक्षा मला लिफ्टच्या वाक्याची जास्त काळजी वाटली. पळणं सोडलंस, ठीक आहे. पण एका मजल्यासाठी लिफ्टची वाट बघतेस तेव्हा तू दर वेळी मनाला सांगतेस, ‘धडधड धोक्याचीच आहे, मी टाळली म्हणून वाचले.’ मन ते ऐकतं. मग उद्या भरभर चालणंही नको वाटेल, परवा वर्गात उशिरा धावत पोचणं. भीतीला अशी जागा दिली की ती पसरते.

मग त्या दिवशी चुकलं कुठे? आधी कधी पळण्याची सवय नसताना तू रोज पळणाऱ्या मुलीच्या वेगानं निघालीस. तिला जो वेग गप्पा मारायचा, तो तुझ्यासाठी धाप लागण्याचा होता. कमाल ठोके काढायचं ढोबळ सूत्र २२० वजा वय असं आहे, म्हणजे तुझ्यासाठी साधारण १९८. सवय नसलेल्या माणसाचे ठोके पळायला लागल्यावर १५० किंवा १६०च्याही वर जाणं अगदी नेहमीचं आहे. पण तुला तो आकडा किंवा ती जाणीव आधी कुणी सांगितली नव्हती.

शिवाय भीतीनं तू गरजेपेक्षा जास्त भराभर श्वास घेतला असशील. अशा वेळी रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली येतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. श्वास पुरत नाही असं वाटतं आणि माणूस आणखी ओढून ओढून घेतो, त्यानं त्रास वाढतो. त्यातच तू एकदम थांबलीस. पळताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. अचानक थांबलं की रक्त थोडा वेळ पायांत साठतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. मटकन खाली बसलीस ते शरीराच्या दृष्टीनं योग्यच झालं. पण तुझ्या मनानं त्याची नोंद ‘कोसळले’ अशी केली.

आता सुरुवात कशी करायची ते सांगते. पळायचं नाही, चालायचं. जिथे तुला सुरक्षित वाटतं, जिथून परत यायला वेळ लागत नाही अशा ठिकाणी, दहा मिनिटं. वेग असा की बोलता येईल पण गाता येणार नाही. मध्यम व्यायाम ओळखायची ही जुनी आणि खात्रीची खूण आहे, त्याला घड्याळ लागत नाही. मनगटावरचं ठोके मोजणारं घड्याळ असेल तर ते खोलीतच ठेवून जा, असं मी आग्रहानं सांगते. बाकीच्यांना ते उपयोगी असेलही. पण चिंता असलेली व्यक्ती दर मिनिटाला आकडा बघते, आकड्यावरून घाबरते, आणि ‘घड्याळानं सांगितलं ठीक आहे म्हणून ठीक’ अशी सवय लावून घेते. तुला शिकायचंय ते घड्याळाशिवाय विश्वास ठेवायला.

निघण्याआधी वहीत एक ओळ लिही: आज काय होईल अशी भीती वाटते? जे मनात येईल ते स्पष्ट लिही. ‘चक्कर येऊन पडेन.’ ‘धडधड थांबणारच नाही.’ आल्यावर खाली दुसरी ओळ: प्रत्यक्षात काय झालं? बस, एवढंच. ही दोन वाक्यं तुला बालिश वाटतील, पण ती सोडू नकोस. व्यायाम झाल्यावर मन फार लवकर विसरतं की भाकीत चुकलं होतं, आणि पुढच्या वेळी तेच भाकीत नव्या दमानं समोर ठेवतं. कागदावर चार-पाच चुकलेली भाकितं एकाखाली एक दिसली की त्याची धार बोथट होते.

चालताना धडधड वाढली आणि भीती वाटली तर थांबू नकोस, वेग कमी कर. हा फरक लहान दिसतो, पण माझ्या मते सगळ्या सल्ल्यात तोच मोलाचा आहे. थांबून पळ काढलास तर मनाला वाटतं, सुटलो. वेग कमी करून चालत राहिलीस तर ठोके तुझ्या डोळ्यांदेखत खाली येतात, आणि मनाला कळतं की त्यांना यायचं होतंच. श्वास आत जोरानं ओढू नकोस, बाहेर सावकाश सोड. बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला की श्वासाची घाई आपोआप कमी होते. मनात ‘शांत हो, शांत हो’ असं म्हणत बसू नकोस, त्यानं कुणी शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. ‘हृदय काम करतंय’ एवढं म्हण. ते खरं आहे, म्हणून मन त्याच्याशी भांडत नाही.

हे चार-सहा दिवस जमलं की जिना घे. एक मजला. वर पोचलीस की लगेच खोलीत शिरू नकोस, कठड्याशी उभी राहा आणि धडधड होऊ दे. एक-दोन मिनिटांत ती उतरते का बघ. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग दोन मजले. मग चालताना मध्येच एक मिनिट इतकं भरभर चाल की बोलणं तुटेल, पुन्हा नेहमीचा वेग. असे दोन-तीन चढउतार. नंतर कधीतरी त्या एका मिनिटात हळू पळ. नुसतं सावकाश चालत राहिलीस तर मन हलकं होईल, झोप सुधारेल, पण धडधडीची भीती पुरती जाणार नाही, हे त्या ट्रेडमिलच्या अभ्यासातून दिसतंच. म्हणून चालणं ही सुरुवात समज. दम लागण्यापर्यंत कधीतरी पोचायचंच आहे, फक्त तुझ्या गतीनं. एखाद्या दिवशी मागे आलीस तर आदल्या दिवशीचं कर.

पळणंच हवं असाही नियम नाही. हेरिंग आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सततच्या चिंतेचा विकार असलेल्या, व्यायामाची सवय नसलेल्या स्त्रियांना सहा आठवडे वजनांचा किंवा सायकलचा व्यायाम दिला. वजनांचा व्यायाम करणाऱ्यांनाही चांगला फायदा झाला. स्वीडनमध्ये २८६ रुग्णांवर बारा आठवडे एक अभ्यास झाला, त्यांतले निम्मे दहा-दहा वर्षं चिंतेसोबत जगत होते. हलका आणि जोराचा, दोन्ही प्रकारचा व्यायाम करणाऱ्यांची लक्षणं नुसता सल्ला मिळालेल्या गटापेक्षा जास्त कमी झाली. तुला नाचायला आवडत असेल तर नाच, पोहता येत असेल तर पोह. दम लागला पाहिजे आणि तुला पुन्हा जावंसं वाटलं पाहिजे, बाकी काही बंधन नाही.

‘व्यायामानं एंडॉर्फिन सुटतं आणि आनंद होतो’ हे तू ऐकलं असशीलच. हे अर्धवट आहे. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही. जर्मनीत २०२१ मध्ये पळणाऱ्या लोकांना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध देऊन पळवलं, तरी पळून आल्यावर त्यांना बरं वाटलं आणि चिंता कमी झाली. शरीर स्वतः बनवतं त्या एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या रसायनांकडे आता जास्त बोट दाखवलं जातं. हे मी एवढ्यासाठी सांगते की पळाल्यावर आनंदाची लाट आली नाही म्हणून ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं ठरवू नकोस. अनेकांना ती येत नाही. विशेषतः पहिले काही दिवस नुसता थकवा येतो.

वेळेचं बोलू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम असं सांगितलं आहे. हा आकडा तुझ्या टेबलासमोर चिकटवू नकोस. परीक्षा दीड महिन्यावर असलेल्या मुलीला आणखी एक टार्गेट दिलं तर ती त्यातही नापास व्हायची भीती बाळगते, आणि तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला तेच सांगतंय. त्याच शिफारशीतली मला आवडणारी गोष्ट वेगळी आहे: अजिबात न करण्यापेक्षा थोडं केलेलंही चांगलं, आणि सलग किमान दहा मिनिटं हवीतच ही जुनी अट त्यांनी काढून टाकली आहे. म्हणजे लायब्ररीतून खोलीपर्यंत भरभर चाललीस तेही धर. जिनाही धर.

अभ्यासाच्या बाजूनं बघितलंस तरी हे नुकसानीचं नाही. रात्री अकराला पुस्तक उघडून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसणं तू जाणतेस. मेरीलँडमध्ये २०१३ साली एक छोटा प्रयोग झाला. निरोगी तरुण मुलामुलींनी एका दिवशी अर्धा तास सायकल चालवली, एका दिवशी अर्धा तास नुसती विश्रांती घेतली. दोन्हींनंतर चिंता कमी झाली. मग त्यांना मनावर परिणाम करणारी चित्रं दाखवली. विश्रांती घेतली होती त्या दिवशी चिंता परत वर आली, सायकल चालवली होती त्या दिवशी खालीच राहिली. म्हणून मी सांगेन, संध्याकाळी अभ्यासाला बसण्याआधी चाल. चालून आल्यावर पहिला तास सगळ्यात अवघड विषयाला दे. झोपायच्या तोंडावर जोराचा व्यायाम टाळ, हलकं चालणं चालेल. आणि चहा-कॉफी, एनर्जी ड्रिंक किती आणि कधी घेतेस ते बघ. कॅफीनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनंतरही अंगात असतो. संध्याकाळी सहाला घेतलेली मोठी कॉफी रात्री अकराला धडधड देऊ शकते, आणि तू ती परीक्षेच्या खात्यात लिहितेस. चालायला जाण्याआधी तर ती नकोच.

आता रूममेटचं म्हणणं. ती प्रेमानं बोलली यात शंका नाही, पण ते खरं नाही. १९९८ मध्ये ब्रोक्स आणि सहकाऱ्यांनी पॅनिक डिसऑर्डरच्या ४६ रुग्णांना तीन गटांत विभागलं: नियमित पळणं, क्लोमिप्रामिन हे औषध, आणि औषधाचा अंश नसलेली गोळी. दहा आठवड्यांनी पळणारे नुसती गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे बरे होते. पण औषधाचा परिणाम जास्त झाला आणि लवकर झाला. शिवाय पळणाऱ्यांपैकी जवळपास एक तृतीयांश मध्येच सोडून गेले. सोडून जाणारी तू एकटी नाहीस, हेही त्यातून दिसतं. व्यायाम हा मोठा आधार आहे, पण पेपर अर्धा सोडून यावं लागलं, झोप गेली, जिना टाळायला लागलीस, इथवर आलेल्या मुलीनं फक्त त्याच्यावर विसंबू नये. मानसोपचारातल्या ज्या पद्धतीत विचार आणि वागणं दोन्हींवर काम होतं, म्हणजे सीबीटी, तिचा चिंतेवर उपयोग भरपूर अभ्यासांत दिसलेला आहे. मी वर सांगितलेली भाकितांची वही, जिन्याची पायरी, हे त्याच पद्धतीतलं आहे. ते शिकलेल्या माणसाबरोबर केलंस तर अर्ध्या वेळात जमेल.

म्हणून विद्यापीठाच्या समुपदेशकाची वेळ याच आठवड्यात घे, परीक्षेनंतर नको. परीक्षेच्या तोंडावर तिथे गर्दी वाढते. जाताना जीएडी-७ ही चिंता मोजणारी छोटी प्रश्नावली भरून ने, २००६ साली तयार झालेली आणि जगभर वापरली जाणारी. सात प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, एकूण गुण ०पासून २१पर्यंत. १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी करून घ्यावी असं मानतात. तिच्यावरून स्वतःच निदान करू नकोस. पण ‘मला बरं वाटत नाही’ एवढ्यावर अडकण्यापेक्षा काय किती दिवस होतंय ते सांगायला ती मदत करते. औषधाचा विषय निघाला तर घाबरू नकोस, मानसोपचारतज्ज्ञाशी मोकळेपणानं बोल. औषध घेणं आणि चालायला जाणं एकमेकांच्या आड येत नाहीत.

काही गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. व्यायाम करताना छातीत दुखलं किंवा दाब आला, शुद्ध हरपली, ठोके अडखळत आणि वेडेवाकडे पडतात असं वाटलं, किंवा घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असेल, तर पुढे व्यायाम करण्याआधी डॉक्टरांना सांग, तुझे आधीचे रिपोर्ट नॉर्मल असले तरी. आणि मन इतकं खाली गेलं की जगणंच नको वाटतंय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय, तर त्याच क्षणी कुणाला तरी उठव. रूममेट, वॉर्डन, घरचे, हेल्पलाइन, कुणीही. तेव्हा रात्रीचे किती वाजले हे बघायचं नाही.

उलट टोकाचीही एक गोष्ट आहे. स्वीडनमध्ये बर्फावरच्या एका लांब शर्यतीत भाग घेणाऱ्यांचा मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला. शर्यतीत उतरणाऱ्यांना चिंतेचे विकार होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळ कमी दिसलं. अर्थात निरोगी माणसंच अशा शर्यतीत जास्त जातात, त्यामुळे सगळं श्रेय बर्फाला देता येत नाही. पण त्यात एक नोंद होती: सगळ्यात वेगवान स्त्रियांत हे प्रमाण सावकाश जाणाऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त होतं. त्याचं कारण त्या अभ्यासातून ठरत नाही. मी त्यावरून एवढंच म्हणते, व्यायाम एक दिवस चुकला म्हणून बेचैन होणं, ताप असताना पळणं, खाल्लेलं ‘फेडण्यासाठी’ व्यायाम करणं, यांतलं काही स्वतःत दिसायला लागलं तर तेही समुपदेशकाला सांग. चिंता कधी कधी अशी नवी जागा शोधते.

तू विचारतेस, सगळ्यांना जमतं ते मला का जमत नाही. तुला न जमण्याचं कारण मी वर सांगितलं, ते वेगाचं आणि माहितीचं आहे. आणि ‘सगळ्यांना जमतं’ हेही खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ३० कोटी लोकांना चिंतेचा विकार होता. विद्यापीठातल्या मुलामुलींशी बोलणं हेच माझं काम आहे, आणि तुझ्या पत्रातली वाक्यं मी ज्यांच्याकडून ऐकते त्यांत पहिल्या बाकावरचे असतात, खेळाच्या संघातले असतात, आणि बाहेरून बघून कुणाला शंकाही येणार नाही असे कितीतरी असतात.

रूममेटशी मात्र बोल. ती रोज पळते ही तुझी मोठी सोय आहे, तिला सोडू नकोस. तिला सांग, ‘मला तुझ्याबरोबर यायचंय, पण पळायला नाही. सुरुवातीची दहा मिनिटं तू माझ्याबरोबर चाल, मग तू पळ, मी परत येते. मी घाबरले तर मला बस म्हणू नकोस, हळू चाल म्हण. आणि माझे ठोके किती झाले ते विचारू नकोस.’ हवं तर हे पत्रच तिला वाचायला दे. ती हो म्हणाली तर उद्यापासून. तिला वेळ नसेल तर एकटी जा, फोन बरोबर घेऊन, ओळखीच्या रस्त्यानं.

व्हायवाच्या दिवशी सकाळी नवीन काही करून बघू नकोस, वेगही वाढवू नकोस. नेहमीची दहा मिनिटं चाल, मग आत जा. दारात धडधडायला लागलं तर तोवर तुझ्या वहीत बरीच पानं भरलेली असतील, ती आदल्या रात्री वाचून ठेव. आणि परीक्षा संपली की मला लिही. कसं गेलं ते तर सांगच, पण कितव्या मजल्यापर्यंत जिन्यानं गेलीस हेही सांग.

– तुझी ताई